खाली जीव नाही, वर एकदम उडते : पॉवर व्हॉल्व्ह अडकतो तेव्हा

मागच्या भागात आपण कार्ब्युरेटरच्या मागचे रीड उघडून पाहिले. आज इंजिनाच्या दुसऱ्या तोंडाशी जायचं आहे, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला. तिथे एक छोटासा भाग असतो. तो नीट चालत असेल तेव्हा कुणाला त्याची आठवणही येत नाही, आणि अडकला की सगळे कार्ब्युरेटरला शिव्या घालतात. त्या सगळ्यांत मीही होतो, म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

माझं गॅरेज बडोद्याला. आमच्याकडे डर्ट बाईक फार नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच सेकंडहँड, दोन-तीन हात फिरून आलेल्या. काही वर्षांपूर्वी एक मुलगा अशीच एक जपानी १२५ सीसी टू-स्ट्रोक घेऊन आला. वडील सोबत. गाडी बंगळूरहून ट्रान्सपोर्टने आणलेली, आणि पैसे बापाने कुठून उभे केले ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तक्रार एका वाक्यात होती : "काका, खाली जीव नाही आणि वर एकदम उडते."

मी ऐकलं आणि ठरवून टाकलं, जेटिंग. पायलट जेट बदलला, सुई एक खाच वर-खाली करून पाहिली, रीड नवे टाकले, प्लग टाकला. प्रत्येक वेळी गाडी थोडी वेगळी वाटायची, आणि वेगळी वाटली की माणसाला सुधारली असं वाटतं. चौथ्या दिवशी मी सांगितलं, गाडी तयार आहे, चालव. त्या रविवारी सरावाच्या ट्रॅकवर तो एका वळणातून बाहेर आला. पुढे लगेच डबल जंप. वळणातून निघताना इंजिनाने ओढलंच नाही, चढावर गाडी गुदमरली, आणि तो समोरच्या उतारावर पोहोचायच्या ऐवजी त्याच्या माथ्यावर आदळला. कॉलरबोन मोडली. वय सोळा.

त्याच्या वडिलांनी मला एक शब्द विचारला नाही. गाडी परत माझ्याकडे आणून सोडली, एवढंच. मी पाइप काढला, टॉर्च लावून एक्झॉस्टमध्ये पाहिलं. इंजिन बंद, म्हणजे व्हॉल्व्ह खाली असायला हवा. तो पूर्ण वर होता, काळ्या डिंकात रुतून बसलेला. बोटाने हलला नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मारली तरी हलला नाही.

आता हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ, कारण ते कळलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत.

फोर-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट उघडायला कॅम असतो, व्हॉल्व्ह असतो. टू-स्ट्रोकमध्ये ते काम पिस्टनच करतो. ब्लॉकच्या भिंतीला भोक असतं, पिस्टन खाली गेला की ते उघडतं, वर आला की झाकतं. भोक किती उंच ठेवायचं हे कारखान्यात एकदाच ठरतं. उंच ठेवलं तर एक्झॉस्ट लवकर उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. मोटोक्रॉसच्या इंजिनात हा काळ क्रँकच्या एका फेरीतले साधारण १९० ते २०० अंश असतो. जास्त आरपीएमला हे छान, कारण वेळ कमी असतो आणि जळका वायू पटकन बाहेर पडायला हवा. पण कमी आरपीएमला तेच भोक शत्रू होतं. ताजं मिश्रण आत आल्या आल्या उघड्या दारातून बाहेर निघून जातं.

त्यात भर म्हणजे तो फुगीर पाइप. त्यातून दाबाची लाट मागे परत येते आणि बाहेर निसटणारं मिश्रण पुन्हा आत ढकलते. लाटेला जायला-यायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही. क्रँकच्या एका फेरीचा वेळ मात्र ३००० आरपीएमला २० मिलिसेकंद असतो आणि ९००० ला ७ पेक्षा कमी. म्हणजे लाट बरोबर वेळेवर पोहोचते ती एका ठरावीक पट्ट्यातच. जुन्या लोकांना आठवत असेल, रेसच्या टू-स्ट्रोकला "पाइपवर येणं" म्हणायचे ते हेच. त्याच्या खाली काही नाही, त्याच्या वर सगळं.

मग इंजिनियरांनी युक्ती केली. भोक उंचच ठेवायचं, पण त्याच्या वरच्या कडेला एक हलती झडप बसवायची. कमी आरपीएमला झडप खाली, म्हणजे भोक बुटकं. आरपीएम वाढले की झडप वर, भोक उंच. एकाच इंजिनात दोन इंजिनं. यामाहाने हे रेसच्या गाड्यांवर सत्तरीच्या दशकाच्या शेवटी आणलं, आणि १९८३ साली रस्त्यावरच्या आरडी ३५० एलसीवर वायपीव्हीएस या नावाने दिलं. गंमत बघा, त्याच १९८३ मध्ये आपल्याकडे राजदूत ३५० आली, ती मात्र आधीच्या आरडी ३५० वर बेतलेली, पॉवर व्हॉल्व्ह नसलेली. आरएक्स १०० लाही तो नव्हता. म्हणून आपल्याकडे टू-स्ट्रोकवर हात बसलेले कितीतरी चांगले मिस्त्री आहेत ज्यांनी हा भाग आयुष्यात उघडलेलाच नाही. त्यांना नावं ठेवायचा प्रश्न नाही, समोर आलाच नाही तर शिकणार कुठून?

प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. कावासाकीचं किप्स, होंडाचं एचपीपी, रोटॅक्सचं रेव्ह. आकारही वेगळे : कुठे आडवा फिरणारा दंडगोल, कुठे गिलोटिनसारखी सरकणारी पाती, कुठे बिजागरीवर हलणारी झडप, आणि बऱ्याच ठिकाणी मधली झडप आणि बाजूच्या छोट्या भोकांचे दोन व्हॉल्व्ह असं एकत्र. हलवण्याची पद्धतही निराळी. रस्त्यावरच्या वायपीव्हीएसला छोटी सर्व्हो मोटर होती, रोटॅक्समध्ये एक्झॉस्टचाच दाब एका पडद्यावर येऊन व्हॉल्व्ह उचलतो, अलीकडच्या काही केटीएममध्ये पुन्हा इलेक्ट्रिक मोटर आली आहे. पण आपल्या हाताखाली येणाऱ्या बहुतेक डर्ट बाईकमध्ये गव्हर्नर असतो. क्लचच्या बाजूच्या कव्हरमध्ये एक फिरता शाफ्ट, त्यावर स्टीलचे छर्रे. वेग वाढला की छर्रे बाहेर फेकले जातात, एका उतरत्या वाटीला ढकलतात, वाटी एक दांडा हलवते, दांडा व्हॉल्व्हचा लिव्हर फिरवतो. वेग कमी झाला की स्प्रिंग सगळं परत आणते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. उघडायला छर्ऱ्यांचा जोर असतो, आणि आरपीएम जितके जास्त तितका तो वाढत जातो. मिटायला मात्र फक्त स्प्रिंग. म्हणून व्हॉल्व्ह चिकट झाला की पुष्कळदा तो उघडतो, पण परत येत नाही. त्या मुलाच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

आता लक्षणं आपोआप येतात. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर खालची ओढ जाते. वळणातून निघताना गाडी मरगळते, क्लच मारून मारून जागी करावी लागते, आणि मग पाइपवर आली की एकदम सुटते. मिटलेला अडकला तर उलटं. खाली छान, ट्रॅक्टरसारखी ओढते, पण वर जाऊन अडते, जणू सायलेन्सरमध्ये कुणी बोळा कोंबला आहे. ही दुसरी स्थिती जास्त महागात पडते असं माझं मत, कारण वर गाडी अडली की लोकांना वाटतं मिश्रण रिच आहे. मग मेन जेट लहान करतात, आणखी लहान करतात, आणि एक दिवस लांब सरळ पट्ट्यावर पिस्टन पकडतो. व्हॉल्व्ह अडकल्यामुळे पिस्टन गेला असं कुणी लिहीत नाही, पण हिशेब तिथूनच सुरू झालेला असतो. तिसरा प्रकार आळशी व्हॉल्व्ह. उघडतो, मिटतो, पण उशिरा. सरळ पट्ट्यावर गाडी झकास, पुढच्या वळणात मंद, आणि पाच-सहा सेकंदांनी पुन्हा ठीक. हा शोधायला सगळ्यांत अवघड, कारण गॅरेजमध्ये गाडी आणेपर्यंत व्हॉल्व्ह जागेवर आलेला असतो.

गरम-थंडचा फरक मला फार उपयोगी पडतो. थंड इंजिनात व्हॉल्व्ह जड आणि गरम झाल्यावर मोकळा, तर दोष डिंकाचा, कारण चिकट थर उष्णतेने मऊ होतो. थंड असताना मोकळा आणि गरम झाल्यावर अडकत असेल तर दोष धातूचा : शाफ्ट किंचित वाकलेला, पात्याला खरवड, किंवा कुणीतरी चुकीचा भाग बसवलेला. दुसऱ्या प्रकारात कितीही धुतलं तरी उपयोग नाही.

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी काय पाहायचं? पुष्कळ गाड्यांना ब्लॉकच्या बाजूला दोन-तीन छोट्या स्क्रूंचं झाकण किंवा एक बूच असतं, त्याच्या आत व्हॉल्व्हच्या शाफ्टचं टोक दिसतं. ते झाकण काढा. शाफ्टच्या टोकावर पांढऱ्या मार्करने एक रेघ मारा. गाडी स्टँडवर, बाहेर उघड्यावर, इंजिन गरम करून चालू करा. आयडलिंगला रेघ एका जागी हवी. एक छोटा झटका ॲक्सिलेटरला दिला की रेघ फिरली पाहिजे आणि सोडल्याबरोबर परत आली पाहिजे. सोडल्याबरोबर म्हणजे सोडल्याबरोबर, "येते हळूहळू" हे उत्तर नाही. झटका छोटाच द्या, स्टँडवर इंजिन ताणून धरण्यात काही शहाणपण नाही. थोडं काळं तेल उडेल, जुने कपडे घाला.

ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. मी त्या मुलाच्या गाडीवर चार दिवस जेट बदलत बसलो आणि ती दोन मिनिटं दिली नाहीत.

रेघ नीट हलत नाही असं दिसलं, तर पुढचा प्रश्न एकच : दोष व्हॉल्व्हच्या बाजूला की गव्हर्नरच्या? इंजिन बंद, थंड. उजव्या बाजूचं लिंकेजचं झाकण काढा आणि गव्हर्नरकडून येणारा दांडा लिव्हरपासून सोडवा. कुठे तो बॉल जॉइंटवर टिचकन निघतो, कुठे पिन काढावी लागते. पिन खाली इंजिनात पडणार नाही याची काळजी आधी घ्या, फडकं कोंबून. दांडा सुटल्यावर लिव्हर बोटाने फिरवा. चांगला व्हॉल्व्ह एका बोटाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न अडखळता फिरतो. तो जड असेल तर घाण व्हॉल्व्हमध्ये. तो लोण्यासारखा फिरत असेल, तर व्हॉल्व्हला सोडा आणि गव्हर्नरकडे वळा. अर्धं इंजिन उघडायचं काम इथे वाचतं.

गव्हर्नरचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे बिघाड कमी होतात. क्लच कव्हर उघडल्यावर छर्रे ज्या उतारावर चढतात तिथे खड्डे पडलेत का पाहा. नखाला लागतील एवढे खड्डे पुरतात, छर्रा तिथे अडतो आणि व्हॉल्व्ह पायऱ्यापायऱ्यांनी उघडतो. स्प्रिंग तुटलेली किंवा दमलेली आहे का, काटा वाकलाय का, लिव्हरचा स्क्रू सैल आहे का. शेवटची गोष्ट फार वेळा सापडते : स्क्रू सैल, लिव्हर शाफ्टवर थोडा सरकलेला, आणि व्हॉल्व्ह मोकळा असूनही पूर्ण उघडत नाही. केटीएमवाल्यांनी आणखी एक पाहावं. त्यांच्या अनेक गाड्यांना रंगीत सहायक स्प्रिंगा मिळतात, लाल लावली की धक्का जोरात येतो, हिरवी लावली की मवाळ. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने कोणती घातली ते तुम्हाला माहीत नसतं. अडकलेला व्हॉल्व्ह समजून आलेली एक गाडी माझ्याकडे निव्वळ स्प्रिंग बदलून गेली आहे.

आता खरं काम, व्हॉल्व्ह साफ करणं.

आधी गाडी धुवा. चिखलाची गाडी उघडू नका, एवढं सांगायची वेळ येते म्हणून सांगतो. पाइप काढा, कूलंट काढायचा असेल तर काढा. सरकत्या पात्याचे प्रकार बऱ्याचदा ब्लॉक न काढता पुढून बाहेर येतात, दंडगोल आणि दातेरी चाकांच्या प्रकारात शक्यतो ब्लॉक काढावाच लागतो. ब्लॉक जागेवर ठेवून काम करणार असाल तर किक हळूच दाबून पिस्टन वर आणा, एक्झॉस्टचं भोक त्याने झाकलं गेलं पाहिजे. मग खरवडलेला कार्बन आत पडत नाही. काढण्याआधी मोबाइलने फोटो घ्या, सगळ्या बाजूंनी. डाव्या-उजव्या तुकड्यांवर खुणा करा, ते जुळे दिसले तरी जुळे नसतात. काही मॉडेलमध्ये एखाद्या नटाचे आटे उलटे असतात. नट सुटत नाही म्हणून मोठा पाना लावायच्या आधी त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल पाहा.

निघालेले भाग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये रात्रभर टाका. घाई असेल तर कार्ब क्लीनरचा फवारा. नंतर बांबूची कामटी, प्लॅस्टिकची पट्टी, फार तर पितळी ब्रश. पॉलिश पेपर नको. पात्याच्या कडा आणि ते ज्या खाचेत सरकतं त्या भिंती यांच्यात फार थोडी जागा ठेवलेली असते. पेपर मारून तुम्ही कार्बनबरोबर धातूही काढता, मग व्हॉल्व्ह मोकळा होतो पण खडखडायला लागतो. ब्लॉकच्या आतल्या भिंतीला तर काहीच लावू नका. तिथे निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ लेप असतो, तो गेला की साधं बोअरिंग करून भागत नाही.

आणि आता कॉस्टिक. आपल्याकडे लूना, चेतक, आरएक्स यांचे सायलेन्सर साफ करायला कॉस्टिक सोडा वापरायची जुनी पद्धत आहे. लोखंडी सायलेन्सरला ती चालते. पॉवर व्हॉल्व्ह आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. नुसता डागत नाही, खातो, वरून पेट घेणारा हायड्रोजन सोडतो. इंदूरहून एका मित्राने मला त्याच्या व्हॉल्व्हचे फोटो पाठवले होते, संध्याकाळी बादलीत टाकलेला, सकाळी काढलेला. पाती नव्हती, जाळी होती. त्याच्या मॉडेलचा सुटा भाग भारतात मिळेना, बाहेरून मागवावा लागला आणि गाडी चार महिने उभी राहिली.

हा डिंक येतो कुठून? त्या मुलाच्या गाडीत मला उत्तर वासावरूनच मिळालं. एरंडेल. रेसिंगमध्ये एरंडेलावर बेतलेलं टू-स्ट्रोक ऑइल जुनं आहे, कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर म्हणजे एरंडावरून आलं. प्रचंड उष्णतेतही त्याचा थर तुटत नाही, वासही असा की जुने लोक अजून त्यासाठी वापरतात. मी गुजरातमध्ये राहतो, एरंडाची शेतं आमच्या आजूबाजूला आहेत, तेव्हा त्या तेलाशी माझं वैर नाही. पण ते जळून मागे चिकट वॉर्निश सोडतं. गो-कार्टच्या, वारंवार उघडल्या जाणाऱ्या इंजिनात चालेल. पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत, जी सहा महिने कुणी उघडणार नाही, तिथे तो थर पात्यावर बसतो आणि गाडी उभी राहिली की घट्ट होतो. त्यात त्या आधीच्या मालकाने ते लिटरला ५० मिली घातलं होतं, म्हणजे २० ला १. आपल्या स्कूटरच्या दिवसांतली सवय, जास्त घातलं की इंजिन सुरक्षित.

आजचं चांगलं सिंथेटिक तेल वापरत असाल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं प्रमाण पाळा. ३२ ला १ म्हणजे लिटरला ३१ मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली. डब्यावर जासो एफडी लिहिलेलं पाहा, ही प्रत एफसीपेक्षा स्वच्छ जळते. उलट टोकालाही जाऊ नका. व्हॉल्व्ह चिकटतो म्हणून तेल कमी करणारे लोक मी पाहिलेत, त्यांचा व्हॉल्व्ह स्वच्छ राहतो आणि पिस्टन जातो.

तेल बरोबर असूनही व्हॉल्व्ह काळा होत असेल, तर दोन कारणं. एक, जेटिंग खरंच रिच आहे. दुसरं, गाडी कधी पळवलीच जात नाही. सोसायटीच्या मागच्या मैदानात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरणारी मोटोक्रॉस बाईक व्हॉल्व्ह उघडतच नाही, मग तो बसल्या जागी गंजल्यासारखा रुततो. शिवाय बऱ्याच ब्लॉकना व्हॉल्व्हच्या पोकळीतून एक बारीक नळी बाहेर येते. तिच्यातून काळा थेंब पडतो आणि लोकांना ते घाण वाटतं, म्हणून तिला बूच लावतात. लावू नका. ती घाण बाहेर पडण्यासाठीच आहे.

जोडणीकडे येऊ, आणि इथे माझी दुसरी चूक. ही माझ्या स्वतःच्या गाडीवर झाली, तेवढं बरं.

व्हॉल्व्ह साफ केला, मोकळा झाला, मी खूश. पुढच्या झाकणाचं कागदी पॅकिंग काढताना फाटलं होतं. नवीन यायला दहा दिवस लागणार होते. मी पॅकिंगच्या जागी सिलिकॉन लावला, पाती बसवली, बोल्ट आवळले. त्या गाडीत पातं किती आत जाईल हे त्या झाकणाच्या जागेवर ठरतं, आणि पॅकिंगची जाडी त्या हिशेबात धरलेली असते. मी ती जाडीच काढून टाकली होती. पातं तेवढंच पुढे, बोअरमध्ये आलं. किक मारली, एक "टिक" आवाज आला. मला वाटलं किकचा. गाडी चालू झाली, अर्धा मिनिट चालली. रिंग पात्याच्या कडेला अडकली, तुटली, आणि तिच्या तुकड्याने बोअरवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. ब्लॉकला पुन्हा लेप चढवायला पाठवावा लागला. पॅकिंगची किंमत मी सांगत नाही, मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. सगळी पॅकिंग आणि ओ-रिंग नव्या, जाडी कंपनीची. शाफ्टच्या सीलचे ओठ तपासायचे, ते गेले असतील तर एक्झॉस्टचा वायू लिंकेजमध्ये शिरतो आणि तुम्ही साफ केलेलं सगळं काही दिवसांत काळं होतं. हलत्या भागांना टू-स्ट्रोक तेलाचं एक बोट, ग्रीस नाही, ग्रीस तिथे जळून कार्बनच होतो. छोट्या स्क्रूंना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक, कारण त्यातला एक सुटला तर तो थेट बोअरमध्ये जाऊ शकतो. दातेरी चाकं असतील तर खुणा जुळवायच्या, एक दात चुकला तरी एका बाजूचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो. मग व्हॉल्व्ह मिटलेला ठेवून बोअरच्या आतून भोकाच्या वरच्या कडेवर बोट फिरवायचं. पात्याची कड बोटाला भिंतीच्या मागे लागली पाहिजे, पुढे नाही. ब्लॉक काढलेला नसेल आणि बोट जात नसेल, तर हेड उघडा, आळस करू नका. शेवटी प्लग काढून, हाताने किक दाबत इंजिन पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचं, एकदा व्हॉल्व्ह मिटलेला असताना आणि एकदा बोटाने उघडून धरून. कुठे स्पर्श झाला तर हाताला कळतो. मोटरसारखा जोर नसतो ना हातात, म्हणूनच कळतो.

हे सगळं झाल्यावर पुन्हा ती पांढरी रेघ, पुन्हा तो छोटा झटका. फिरली, परत आली, की झाकण लावा. आता जेटिंग पाहायचं असेल तर पाहा. व्हॉल्व्ह अडकलेला असताना केलेलं जेटिंग मोकळ्या व्हॉल्व्हला बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. त्या मुलाच्या गाडीवर मी चार दिवसांत जे जे बदललं होतं ते सगळं मला परत मूळ जागी आणावं लागलं.

पुन्हा कधी उघडायचं? चांगलं तेल आणि नियमित पळणारी गाडी असेल तर मी पिस्टन बदलायच्या वेळी व्हॉल्व्हही काढतो, वेगळी तारीख धरत नाही. पण पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल, तर पहिली किक मारण्याआधी बाजूचं झाकण काढून लिव्हर एकदा बोटाने हलवून पाहा.

मुलाचा खांदा तीन महिन्यांत भरला. गाडी तो घेऊन गेला तेव्हा त्याने माझ्यासमोर बाजूचं झाकण उघडायला लावलं, स्वतः झटका दिला आणि रेघ परत येताना पाहिली. मग झाकणाचे स्क्रू त्यानेच लावले. मी बिल केलं नाही, आणि त्याच्या वडिलांनी ते मागितलंही नाही.

पुढच्या भागात सायलेन्सरचं लोकर पॅकिंग कसं बदलायचं ते बघू. जुनी बनियन घालून बसा, ते काम याहून घाण आहे.